हाऊसबोटीवर लहानग्यांसोबत

केरळच्या सहलीचा बेत ठरला की मुन्नारचे चहाचे मळे आणि अलेप्पीची हाऊसबोट या दोन गोष्टी मुंबई-पुण्याच्या कुटुंबांच्या यादीत ठरलेल्याच असतात. नवविवाहितांना ही बोट म्हणजे निवांतपणाची परिसीमा वाटते. सोबत दोन-अडीच वर्षांचे मूल असेल तर मात्र हीच बोट म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेले, खुल्या कठड्याचे आणि जवळजवळ एकवीस तास न सोडता येणारे घर असते. बुकिंग करताना खोल्या किती, एसी आहे का आणि जेवणात मासे मिळतील का, एवढेच बहुधा विचारले जाते. कठड्याची उंची आणि लहान मापाचे लाइफ जॅकेट हे प्रश्न बोटीवर पाय ठेवल्यानंतर सुचतात. तोवर पैसे भरून झालेले असतात आणि मूल कठड्याकडे धावलेले असते.

लहान मुलासह ही सफर करूच नये, असे मुळीच नाही. पाण्यावरून संथ सरकणारी नारळाची झाडे, बदकांचे थवे आणि होडीतून शाळेत जाणारी मुले पाहून लहानगी जितकी हरखतात तितकी एखाद्या संग्रहालयात क्वचितच हरखत असतील. प्रश्न आहे तो बोटीच्या आणि वेळेच्या निवडीचा. ती निवड घरातून निघण्यापूर्वीच करावी लागते.

तांदळाच्या होडीपासून तरंगत्या घरापर्यंत

अलेप्पीचे अधिकृत नाव अलप्पुळा. शहराच्या पूर्वेला पसरलेला कुट्टनाड हा पंपा, मणिमला, अच्चनकोविल या नद्यांनी आणलेल्या गाळाचा सखल मुलूख आहे. येथील कित्येक भातखाचरे समुद्रसपाटीच्याही खाली असून बांध घालून, पाणी उपसून ती कसली जातात. या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. या सर्व नद्या ज्याला मिळतात ते वेम्बनाड सरोवर २००२ पासून रामसर पाणथळ क्षेत्रांच्या यादीत आहे.

या पाण्यावरची मूळ मालवाहू होडी म्हणजे केट्टुवल्लम. मल्याळम भाषेत 'केट्टु' म्हणजे बांधणे आणि 'वल्लम' म्हणजे होडी. फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, अशी तिची बांधणी. कुट्टनाडचा तांदूळ कोचीच्या बाजारात नेणाऱ्या या होड्या रस्ते आणि पूल झाल्यावर निरुपयोगी ठरल्या. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांवर बांबू आणि चटयांचे छत चढवून पर्यटकांसाठी खोल्या करण्यात आल्या आणि हाऊसबोट जन्माला आली. आज एका शयनगृहाच्या छोट्या बोटीपासून दुमजली, अनेक खोल्यांच्या बोटीपर्यंत सर्व प्रकार येथे मिळतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, केट्टुवल्लमची मूळ रचना माणसांच्या, त्यातही रांगत्या मुलांच्या वास्तव्यासाठी झालेली नाही. समोरची बैठकीची जागा तिन्ही बाजूंनी खुली असते आणि तिचा कठडा पुष्कळदा मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढाच असतो. छायाचित्रात हा मोकळेपणा फार देखणा दिसतो.

वेळापत्रक बोटीचे आणि बाळाचे

अलप्पुळ्याच्या हाऊसबोटींचा दिनक्रम साधारण ठरलेला आहे. दुपारी बाराच्या सुमारास बोट सुटते. एक-दीडच्या दरम्यान कोठे तरी काठाला लागून जेवण होते. त्यानंतर पुन्हा संथ फेरी आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास बोट नांगरली जाते, कारण संध्याकाळनंतर हे पाणी मच्छीमारांचे असते. त्यांची जाळी टाकलेली असताना हाऊसबोटींना फिरता येत नाही. रात्र काठाशीच जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर छोटीशी फेरी मारून नऊच्या सुमारास बोट परत धक्क्याला लागते. म्हणजे एकवीस तासांच्या मुक्कामात प्रत्यक्ष जलविहार होतो तो पाच-सहा तासांचा. उरलेला वेळ बोट उभी असते.

लहान मुलाच्या दिवसाशी हे वेळापत्रक कसे जुळते, ते पाहा. बोट सुटते ती मुलाच्या जेवणाच्या वेळेला. बोट सर्वांत सुंदर परिसरातून जाते ती त्याच्या झोपेच्या वेळेला. मूल ताजेतवाने होऊन उठते तेव्हा बोट नांगरलेली असते, बाहेर डास असतात आणि पुढचे तीन तास त्याला खेळायला जागा असते ती बैठकीचा चौकोन आणि एक अरुंद बोळ एवढीच. पालक सर्वाधिक थकतात ते याच वेळी, आणि लक्ष चुकण्याची भीतीही तेव्हाच अधिक असते.

यातच एसीचा एक खास तिढा आहे. अनेक बोटींवर जनरेटरवरचे वातानुकूलन रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंतच सुरू असते. जाहिरातीत 'एसी हाऊसबोट' एवढेच लिहिलेले असते. दुपारी दोनच्या दमट उकाड्यात मुलाला निजवण्याची वेळ येते तेव्हा हा खुलासा होतो. मूल सोबत असेल तर पूर्णवेळ एसी असलेली बोट घ्यावी किंवा निदान दुपारचे दोन तास एसी चालू ठेवण्याचे आधी लेखी ठरवून घ्यावे. थोडे अधिक पैसे पडले तरी चालतील. चिडलेल्या मुलासह तरंगत राहण्यापेक्षा ते परवडते.

वयाचा विचारही येथेच करायला हवा. अजून न रांगणारे तान्हे बाळ बोटीवर तुलनेने सोपे; त्याला कुशीत घेऊन बसले की झाले, फक्त उष्मा आणि डास सांभाळायचे. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला नियम समजावून सांगता येतात. कठीण काळ तो साधारण एक ते तीन वर्षांचा. या वयात पायांना वेग आलेला असतो आणि समज यायची असते. अशा मुलाला घेऊन मुक्कामाच्या बोटीचा हट्ट न धरता दिवसाची चार-पाच तासांची फेरी करावी आणि रात्री जमिनीवरच्या हॉटेलात किंवा होम-स्टेमध्ये झोपावे, हे केव्हाही शहाणपणाचे. दृश्य तेच दिसते, खर्च कमी होतो आणि रात्री कोणालाही जागत राहावे लागत नाही.

याहून सोपा पर्याय म्हणजे राज्य जलवाहतूक विभागाची प्रवासी बोट. अलप्पुळा ते कोट्टयम हा सुमारे अडीच तासांचा मार्ग सरोवर ओलांडून गावांच्या कडेने जातो, तिकीट अगदी माफक असते आणि शेजारी भाजीची टोपली घेऊन बसलेल्या आजीबाईंशी मुलांची दोस्ती लगेच जमते. याआधी कोचीतच रंगीत तालीम करायची असेल तर एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो आहे. तिच्या विजेवर चालणाऱ्या बंदिस्त, वातानुकूलित बोटीतून पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास केला की मूल पाण्याला घाबरते, रमते की उलट्या करते हे कळून येते.

काय तपासावे

पाण्यात बुडणे हे जगभर १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे चौथ्या क्रमांकाचे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. चित्रपटातल्यासारखी आरडाओरड अशा वेळी होत नाही. लहान मूल पाण्यात पडले की हाक मारायला त्याला श्वासच उरत नाही. बहुधा ते निःशब्दपणे आणि काही क्षणांतच खाली जाते. बोटीच्या इंजिनाच्या घरघरीत छपाक असा आवाजही ऐकू येईलच असे नाही.

केरळच्या जलपर्यटनावर अपघातांची गडद छाया आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या सरोवरात पर्यटकांची बोट उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. काठावरचे प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एकाच बाजूला गेल्याने तिचा तोल गेला होता. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे सूर्यास्तानंतर निघालेली, क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली बोट उलटली आणि २२ जण दगावले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. मासेमारीच्या बोटीत फेरफार करून ती प्रवासी बोट केल्याचे नंतर उघड झाले. या दोन्ही हाऊसबोटी नव्हत्या, हे खरे. पण गर्दी, अवेळ आणि बोटीत परस्पर केलेले बदल ही कारणे कोणत्याही पाण्यावर तीच असतात. आगीचा धोका मात्र हाऊसबोटीचा स्वतःचा आहे. लाकूड, बांबू, चटया, मागच्या बाजूला गॅसची शेगडी आणि डिझेल जनरेटर असे सारे एकाच छताखाली असते. जानेवारी २०२० मध्ये वेम्बनाड सरोवरातील पातिरामणल बेटाजवळ एका हाऊसबोटीला आग लागली. पर्यटक वाचले, पण बोट जळाली.

तेव्हा बुकिंगपूर्वी पहिला प्रश्न नोंदणीचा. बोटीची नोंदणी, सुरक्षा तपासणीचे प्रमाणपत्र, विमा आणि चालकाचा परवाना या चार कागदांची छायाचित्रे मागावीत. प्रमाणपत्रावर प्रवासी संख्या लिहिलेली असते. त्यात मूलही मोजले जाते, हे 'लहान आहे, चालून जाईल' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. कागद दाखवण्यास टाळाटाळ करणारा दलाल कितीही गोड बोलला तरी त्याला तेथेच नमस्कार करावा. अलप्पुळ्याच्या जेटीबाहेर असे गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. जिल्हा पर्यटन संवर्धन परिषदेचे कार्यालय जेटीजवळच आहे. प्रत्यक्ष जाऊन बोट ठरवायची असेल तर तेथे आधी चौकशी करणे बरे.

दुसरी गोष्ट बोटीच्या रचनेची. दलालाने पाठवलेल्या छायाचित्रांवर न थांबता व्हिडिओ कॉलवर बोट पाहावी. कठडा मुलाच्या छातीच्या वर येतो का? त्याच्या उभ्या पट्ट्यांमधून डोके किंवा अंग जाईल एवढी फट आहे का? कठड्याला लागून बाक आहे का? बाक असेल तर उंच कठड्याचाही काही उपयोग नाही, कारण बाक ही मुलाच्या लेखी शिडीच असते. दुमजली बोटीवरून देखावा चांगला दिसतो, पण मूल लहान असेल तर जिना टाळलेलाच बरा. काही बोटींवर बैठकीच्या जागेला काच लावून ती बंद केलेली असते. जुन्या पर्यटकांना हा प्रकार अरसिक वाटतो. दोन वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना तो वरदान वाटेल. शयनगृहाच्या दाराला आतून वरच्या बाजूस कडी आहे का, हेही विचारावे. पहाटे पाचला उठून दार उघडून बाहेर जाणारी मुले घरोघरी असतात.

तिसरी गोष्ट लाइफ जॅकेटची. बोटीवर जॅकेटे असतात, पण ती बहुतांशी मोठ्यांच्या मापाची. मोठे जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले तर जॅकेट वर तरंगते आणि मूल त्यातून खाली निसटते. मुलाचे जॅकेट त्याच्या वजनानुसार निवडायचे असते. मानेमागे डोक्याला आधार देणारी कॉलर आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा त्याला असलाच पाहिजे. घालून झाल्यावर जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर माप चुकले. असे जॅकेट बोटीवर मिळेल याची खात्री नसेल तर घरूनच न्यावे आणि हट्टी मुलाला दोन-चार दिवस आधी घरात घालून सवय करावी. हवा भरलेली चक्री किंवा दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधने नव्हेत. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडून १५ जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर गेटवेवरच्या बोटींत जॅकेट घालणे सक्तीचे झाले. हाऊसबोटीवर अशा सक्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

जॅकेट असले तरी नजर हवीच. सहा-सात मोठी माणसे असलेल्या कुटुंबात आजी समजते की आई पाहते आहे, आई समजते की काका पाहत आहेत. यावर सोपा उपाय म्हणजे पाळी लावणे. अर्ध्या अर्ध्या तासाने एकेका मोठ्याने मुलाची जबाबदारी तोंडाने सांगून घ्यायची आणि त्या वेळात फोन, पत्ते, मद्य यांपैकी काहीही हातात धरायचे नाही. बोटीवर चढता-उतरताना मूल नेहमी कडेवर असावे. धक्का आणि बोट यांच्यामधली फट आणि हलती फळी या जागा सर्वांत दगाबाज. बोट सुटण्याआधी आग विझवण्याचे नळकांडे आणि जॅकेटे कोठे आहेत, ते कर्मचाऱ्यांना दाखवायला सांगावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

पाणी, डास आणि जेवण

कुट्टनाडचे पाणी दिसते तितके निर्मळ नाही. समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून वेम्बनाडवर तण्णीरमुक्कोमचा बंधारा आहे. त्याची दारे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंत बंद असतात. त्या काळात पाणी साचून राहते, जलपर्णी माजते आणि बोटींचे व वस्त्यांचे सांडपाणी त्यातच मिसळते. पर्यटनाचा भर हंगामही नेमका तोच. पाण्यात हात घालून खेळणे मुलांना आवडते, म्हणून साबण आणि स्वच्छ पाणी जवळ ठेवावे. पाण्यात उतरवणे मात्र पूर्णतः टाळावे. पावसाळ्यात आणि नंतर येथे लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. शिवाय २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण वाढले होते. दूषित गोड्या पाण्यातील हा जीव नाकावाटे शरीरात शिरतो. हा आजार दुर्मीळ असला तरी अत्यंत घातक आहे. सफरीनंतर मुलाला ताप, उलट्या, तीव्र डोकेदुखी किंवा मान ताठरणे असे काही दिसले तर डॉक्टरांना या प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी.

डासांसाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मुलाच्या मापाची घडीची मच्छरदाणी न्यावी. मलमे वयानुसार आणि डॉक्टरांना विचारूनच लावावीत. बोट नांगरण्याच्या आधीच खोलीची दारे-खिडक्या लावून घेतल्या तर रात्र सुखाची जाते.

जेवणाची चिंता त्यामानाने कमी. बोटीवर स्वयंपाकी असतो आणि सकाळी सांगितले तर तो मुलाचे वेगळे करून देतो. केरळातला 'परिप्पू' म्हणजे तूप घातलेले मुगाच्या डाळीचे घट्ट वरणच; मऊ भाताशी ते कालवले की मराठी बाळाला घरचेच वाटते. न्याहारीला इडियप्पम, आप्पे नव्हे तर जाळीदार आप्पम आणि उकडलेले नेंद्रन केळे ही मुलांची आवडती ठरतात. करिमीन हा येथला प्रसिद्ध मासा मात्र काटेरी आहे, तो मोठ्यांनीच खावा. जेवणासोबत येणारे गुलाबी पाणी पाहून दचकू नये, ते पतिमुखम या लाकडाचे तुकडे घालून उकळलेले असते. मुलासाठी सीलबंद पाणी जवळ ठेवलेले अधिक चांगले. तांबडा उकडा भात सर्वच मुलांना रुचत नाही. पांढरा तांदूळ आधी सांगावा लागतो.

केव्हा आणि कसे

मराठी कुटुंबांच्या सुट्या दिवाळीत आणि मे महिन्यात येतात, आणि अलप्पुळ्यासाठी नेमके हेच दोन काळ गैरसोयीचे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या मोसमी पावसाच्या सरी दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह येतात. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात आणि जूनच्या आरंभी नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. मूल अजून शाळेत जात नसेल तर सुट्यांची वाट न पाहता जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस निवडावेत. हवा बरी असते आणि नाताळची गर्दी व तेव्हाचे चढे दरही ओसरलेले असतात. ऑगस्टमधील नेहरू ट्रॉफी नौकाशर्यत पाहण्याजोगी खरी, पण पुन्नमड्याच्या काठावरची ती प्रचंड गर्दी कडेवरच्या मुलासाठी नव्हे.

कोकण रेल्वेमार्गे लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस थेट अलप्पुळ्याला थांबते. मात्र तेथे पोहोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार होते, म्हणजे त्या दिवशीची बोट हुकते. ती गाठण्याची धडपडही करू नये. रात्रभर प्रवास केलेल्या मुलाला एक रात्र जमिनीवर झोपू द्यावे. मुंबईहून विमानाने कोचीला जाण्यास सुमारे दोन तास लागतात. पण कोचीचा विमानतळ अलप्पुळ्यापासून ८० किलोमीटरहून दूर आहे आणि या रस्त्यावर वाहतुकीची कोंडी नेहमीची. परतीच्या दिवशी बोट नऊला धक्क्याला लागते हे गृहीत धरून दुपारी दोनच्या आधीचे विमान घेऊ नये. बोटीवरून उतरण्यापूर्वी पलंगाखाली एकदा पाहून घ्यावे. मुलांची खेळणी आणि एकेकटे बूट हमखास तेथेच राहतात.